कॅनडाचा पीआर पूर्ण होण्याआधी लग्न झालं, तर कळवायचं केव्हा आणि कसं

कॅनडाच्या कायमच्या रहिवासासाठी (पीआर) एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर चालणाऱ्या योजनेचा अर्ज भरताना 'अविवाहित' लिहिलं. फाइल मंजुरीच्या जवळ आली, आणि मधल्या काळात सुट्टी काढून लग्न झालं. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "आत्ता काही बोलू नको, फाइल लांबेल. आधी लँड हो, मग बायकोला स्पॉन्सर कर." लँड होणं म्हणजे पीआर प्रत्यक्ष मिळण्याची शेवटची पायरी. हा सल्ला घातक आहे. तो पाळला तर पुढे तिला स्पॉन्सर करण्याचा मार्गच बंद होतो.

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतलं कलम ११७(९)(ड) असं सांगतं: तुम्ही कायमचे रहिवासी झालात तेव्हा जी व्यक्ती तुमची जोडीदार होती, पण तुमच्या अर्जात तिची तपासणी झालेली नव्हती, ती पुढे 'फॅमिली क्लास'मध्ये, म्हणजे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करता येणाऱ्या गटात, बसत नाही. तुम्ही नागरिक झालात तरी ही अट सुटत नाही. तपासणी म्हणजे तिची कागदपत्रं, मेडिकल आणि पोलीस पडताळणी. तिने तुमच्याबरोबर यायलाच हवं असं मात्र नाही. ती 'सोबत न येणारी' म्हणून अर्जात असली आणि तपासणी झाली, तरी पुढचा रस्ता मोकळा राहतो. नियमावलीचं कलम ५१ ही जबाबदारी तुमच्यावरच टाकतं: व्हिसा मिळाल्यानंतर लग्न झालं असेल, तर लँडिंगच्या वेळी ते अधिकाऱ्याला सांगावंच लागतं.

कोणती तारीख धरायची?

आपल्याकडची बहुतेक गफलत इथेच होते. लग्न डिसेंबरात लागलं, नोंदणी मार्चमध्ये झाली आणि लँडिंग फेब्रुवारीत. "लँड होताना सर्टिफिकेटच नव्हतं, म्हणजे मी अविवाहितच होतो," हा युक्तिवाद टिकत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार, विधीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो, आणि कलम ८ नुसार नोंद झाली नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही. महाराष्ट्रातल्या विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर विवाहाची तारीख आणि नोंदणीची तारीख या दोन्ही वेगळ्या छापलेल्या असतात. पुढे स्पॉन्सरशिपच्या फाइलमध्ये तेच प्रमाणपत्र लागतं, आणि अधिकारी लग्नाची तारीख लँडिंगच्या तारखेशी ताडून पाहतो.

उलटही घडतं. व्हिसाच्या सोयीसाठी आधी विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न होतं आणि मांडवातलं लग्न सहा महिन्यांनी. तेव्हा रजिस्ट्रारसमोरची तारीखच लग्नाची तारीख, घरच्यांच्या लेखी ती कितीही 'फक्त कागदोपत्री' असो. साखरपुडा कळवावा लागत नाही. पण लग्न न करता जोडप्यासारखं सलग १२ महिने एकत्र राहिला असाल, तर कॅनडाच्या लेखी ते कॉमन-लॉ नातं आहे आणि तेही कळवायचं असतं. फोन किंवा व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न, ज्यात दोघांपैकी एक जण प्रत्यक्ष हजर नव्हता, ते ११ जून २०१५ पासून इमिग्रेशनसाठी ग्राह्य धरत नाहीत.

फाइल कुठल्या टप्प्यावर आहे?

आयटीए (गुणांच्या फेरीतून मिळणारं अर्ज करण्याचं निमंत्रण) आला नसेल तर प्रोफाइलमध्ये वैवाहिक स्थिती बदला, गुण नव्याने मोजले जातील. आयटीए आला आहे पण अर्ज दाखल केलेला नाही, हा टप्पा नाजूक. जोडीदार सोबत येणार असेल तर तुमचे मूळ घटकांचे कमाल गुण ५०० वरून ४६० वर येतात आणि जोडीदाराच्या शिक्षण, भाषा आणि अनुभवाला मिळून जास्तीत जास्त ४० मिळतात. नवा आकडा त्या फेरीच्या कटऑफच्या खाली जात असेल, तर आयटीए नाकारून उमेदवारांच्या पूलमध्ये परतणं शहाणपणाचं. तसाच अर्ज केला तर नकार येतो आणि प्रोसेसिंगची वेळही वाया जाते. अर्ज दाखल झाल्यानंतर लग्न झालं तर गुणांची काळजी नको, कारण गुण आयटीएच्या आणि अर्ज पोहोचण्याच्या दिवशीचे पाहतात.

सीओपीआर (पीआर मंजूर झाल्याचं पत्र) हाती आल्यावर लग्न झालं असेल तर त्यावर प्रवास करू नका. विमानतळावर "वैवाहिक स्थितीत काही बदल?" असं विचारतात. खरं सांगितलंत तर लँडिंग थांबतं आणि फाइल परत व्हिसा ऑफिसकडे जाते. खोटं सांगितलंत तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली दिशाभूल ठरते: पाच वर्षांची बंदी, आणि मिळालेला पीआरही जाऊ शकतो. कॅनडात राहून ऑनलाइन पोर्टलवरून लँडिंग करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पोर्टलवर पुढे जाण्याआधी कळवा.

कळवायचं कसं

कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या (आयआरसीसी) वेबफॉर्मवरून. अर्ज क्रमांक, यूसीआय (खात्याने दिलेला तुमचा ओळख क्रमांक), पासपोर्टवरचं नाव आणि जन्मतारीख अचूक हवी, नाहीतर संदेश फाइलला जोडला जात नाही. सोबत एका पानाचं पत्र जोडा: लग्न कोणत्या तारखेला, कुठे झालं, जोडीदार सोबत येणार की नाही, आणि तिचं नाव अर्जात घालावं ही विनंती. विवाह प्रमाणपत्र आणि जोडीदाराच्या पासपोर्टचं माहितीचं पान जोडा. प्रमाणपत्र यायला वेळ असेल तर त्यासाठी थांबू नका. आधी कळवा, नोंदणीची पावती जोडा आणि प्रमाणपत्र नंतर पाठवा. संदेश पोहोचल्याचं स्वयंचलित उत्तर जपून ठेवा, वेळेत कळवल्याचा पुरावा तोच.

मग अधिकारी जोडीदारासाठी फॉर्म मागवतो. सहसा आयएमएम ०००८, आयएमएम ५६६९ आणि आयएमएम ५४०६ असतात. ५६६९ मध्ये गेल्या दहा वर्षांचा तपशील एकही महिना न सोडता द्यायचा असतो. घरी बसून परीक्षेची तयारी केली तो काळही लिहायचा, रिकामा महिना दिसला की फॉर्म परत येतो. वयाच्या १८ नंतर, गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहणं झालं, त्या प्रत्येक देशाचं पोलीस प्रमाणपत्र लागतं. भारताचं हे प्रमाणपत्र (पीसीसी) पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. मेडिकल आयआरसीसीने मान्य केलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच करायचं, आणि ते १२ महिने चालतं. तुमचं स्वतःचं मेडिकल दरम्यान संपलं तर ते पुन्हा करावं लागू शकतं.

नावांचा घोळ आपल्याकडे ठरलेला. प्रमाणपत्रावर वधूचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर वडिलांचं मधलं नाव. फॉर्म पासपोर्टप्रमाणे भरा आणि बाकीची नावं 'इतर नावे' या रकान्यात लिहा. केवळ या अर्जासाठी घाईने पासपोर्टवरचं नाव बदलू नका. प्रमाणपत्रात फक्त मराठी मजकूर असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र हवं. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही.

खर्च: ३० एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे सोबत येणाऱ्या जोडीदाराची प्रोसेसिंग फी ९५० आणि पीआर हक्काची फी ५७५ कॅनेडियन डॉलर. बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे. पुरेसे पैसे असल्याचं दाखवण्याचा (फंडांचा) नियम लागू असेल तर कुटुंब एकाचं दोघांचं होतं, आणि जुलै २०२५ च्या तक्त्याप्रमाणे रक्कम १५,२६३ वरून १९,००१ डॉलरवर जाते. जोडीदार सोबत येत नसली तरी ती मोजली जाते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

'सोबत न येणारी' असं दाखवण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तिच्या मेडिकलमध्ये किंवा पोलीस पडताळणीत अडचण निघाली, तर तुमचाही अर्ज अडू शकतो. तरीही तपासणी टाळू नका. तिची तपासणी गरजेची नाही असं अधिकाऱ्यानेच ठरवलं, तर ११७(९)(ड) लागत नाही. पण तसा लेखी निरोप जपून ठेवा.

लपवून आधीच लँड झाला असाल तर

सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेलं सवलतीचं धोरण निर्वासित आणि स्वतः जोडीदार किंवा मूल म्हणून स्पॉन्सर होऊन आलेल्या लोकांसाठी आहे. एक्स्प्रेस एन्ट्रीतून आलेल्यांना ते मिळत नाही. स्पॉन्सरशिप नाकारली गेली तर इमिग्रेशनचा अपील विभागही माणुसकीची कारणं पाहू शकत नाही, कारण जोडीदार मुळात फॅमिली क्लासमध्येच धरली जात नाही. उरतो तो इमिग्रेशन कायद्याच्या कलम २५ खालचा मानवतावादी विनंतीचा अर्ज. त्यात न सांगण्यामागचं कारण पुराव्यानिशी मांडावं लागतं, आणि तसं करताना दिशाभुलीची कबुलीही नोंदली जाते. म्हणून हा अर्ज परवानाधारक सल्लागाराला किंवा इमिग्रेशन वकिलाला सगळी फाइल दाखवल्याशिवाय भरू नका.