कॉलेजात स्पॅनिश शिकवायचंय? मग अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

देवरुखची एक मुलगी मे महिन्यात फाईल घेऊन माझ्याकडे आली. सगळ्यात वर स्पॅनिशच्या डेले परीक्षेचं सी-१ या वरच्या पातळीचं प्रमाणपत्र, छान लॅमिनेट केलेलं. त्याखाली एमए इंग्रजीची गुणपत्रिका. आणि हातात कॉलेजचं पत्र: ‘आवश्यक अर्हता नाही, सबब अर्ज अपात्र.’ पोरीचं स्पॅनिश उत्तम आहे, मी ऐकलंय. पण छाननी करणारा माणूस भाषा ऐकत नाही, कागद बघतो.

डेले ही परीक्षा इन्स्तितुतो सेर्वांतेस ही स्पेनची सरकारी संस्था घेते, ती जगभर मानली जाते आणि तिची मुदत संपत नाही. पण ती पदवी नव्हे. सहायक प्राध्यापक व्हायचं तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे ‘संबंधित विषयात’ एमए लागतं, म्हणजे इथे स्पॅनिशमध्येच, तेही किमान ५५ टक्क्यांनी. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी (नॉन-क्रीमीलेअर) आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत आहे. ५४.९० म्हणजे ५५ होत नाहीत. गुणपत्रिकेवर नुसता सीजीपीए असेल, तर टक्केवारीचं पत्र विद्यापीठाकडूनच आणा. प्रत्येकाचं सूत्र वेगळं असतं, घरी दहाने गुणून आकडा लिहू नका. दिल्लीचं जेएनयू किंवा हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) इथून एमए केलेल्यांनी हे पत्र तिथे असतानाच घ्यावं. सावंतवाडीत बसून दिल्लीच्या परीक्षा विभागाला फोन लावत बसण्यात किती दिवस जातात, ते मी पाहिलंय. पदवी परदेशातली असेल तर समकक्षतेचा दाखला लागतोच आणि तो आठवड्याभरात मिळत नाही.

दुसरी अट नेट किंवा सेटची, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या देशपातळीवरच्या किंवा राज्यपातळीवरच्या पात्रता परीक्षेची. नियमाप्रमाणे झालेली पीएचडी असेल तर त्यातून सूट मिळते. आता बरेच जण सेटची वाट बघत थांबतात. थांबू नका. पुणे विद्यापीठ महाराष्ट्र-गोव्यासाठी जी सेट घेतं, तिच्या विषयांत स्पॅनिश नाहीच. म्हणजे राहिली नेट. ती वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर सत्रात. दोन पेपर, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. विषयाच्या पेपरात व्याकरणाबरोबर स्पेन आणि लॅटिन अमेरिकेचं साहित्यही असतं, त्यामुळे नुसत्या बोलता येण्यावर निभावत नाही. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही, वयोमर्यादा आहे ती जेआरएफला, म्हणजे नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधनाच्या शिष्यवृत्तीला. चाळिशीतल्या बायका ‘आता काय उपयोग’ म्हणून फॉर्मच भरत नाहीत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. जून २०२४पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिला जेआरएफसह, दुसरा सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, तिसरा फक्त पीएचडी प्रवेश. तिसऱ्या गटात नाव आलं तर पीएचडीच्या प्रवेशापुरतं, तेही एका वर्षासाठी. त्यावर शिकवायची नोकरी मिळत नाही. दाखल्यावर ‘पात्र’ शब्द दिसला की घरात पेढे वाटले जातात, आणि मुलाखतीच्या दिवशी परत पाठवतात. कुठल्या गटात पात्र, ती ओळ बोट ठेवून वाचा.

जातीच्या दाखल्यात कुणबी, भंडारी घरांतली मुलं हमखास अडकतात. नेटच्या फॉर्मला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रीमीलेअर लागतं आणि ते चालू आर्थिक वर्षातलं हवं. सेतू केंद्रात नुसतं ‘नॉन-क्रीमीलेअर’ म्हणालात तर राज्याचं हातात पडतं. ‘केंद्राचं’ असं स्पष्ट सांगा. कॉलेजच्या आरक्षित पदाला मात्र राज्याचं आणि सोबत जात वैधता. एकाच माणसाला दोन नमुने का लागावेत, याचं समाधानकारक उत्तर मला कुठल्याच खिडकीवर मिळालेलं नाही. लागतात, म्हणून दोन्ही काढून ठेवा.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत प्रत्येक संचाला जोडा. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, एवढ्यावरून अर्ज बाजूला ठेवलेले आहेत.

बाकी सोपं आहे: अर्ज, सह्या केलेल्या झेरॉक्स, फोटो, अनुभवाचे दाखले. आधीच कुठे नोकरीत असाल तर संस्थेमार्फत पाठवा. आरक्षित पदासाठी दुसरी प्रत विद्यापीठाच्या आरक्षण कक्षाला मागितली असेल तर तीही.

मुदत मात्र नीट वाचा. ‘प्रसिद्धीपासून पंधरा दिवसांत पोहोचावा’ म्हणजे जाहिरात पेपरात छापून आल्या दिवसापासून, तुम्हाला कुणी व्हॉट्सअपवर पाठवली त्या दिवसापासून नव्हे. आणि ‘पोहोचावा’ म्हणजे तिथे मिळायला हवा, पोस्टात टाकल्याची पावती चालत नाही. जुलैत घाटात दरड आली की गुहागरच्या आतल्या गावातून निघालेला लिफाफा कुठे अडकेल सांगता येत नाही. मुंबईला जाणारं कुणी असेल तर त्याच्या हाती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन यायला सांगा.