निशाणीवरची हरकत आणि सनदेवरची कारवाई

‘खालच्या कोर्टानं पुरावा चुकीचा घेतला, आता अपिलात निकाल फिरणारच.’ पक्षकाराच्या तोंडी हे हमखास ऐकू येतं. निकाल फिरला नाही की पुढचं वाक्य तयार असतं: ‘मग वकिलाचीच सनद घालवतो, त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन.’ दोन्हीकडे शब्द अपील हाच, पण वर बसलेली मंडळी दोन ठिकाणी निरनिराळे प्रश्न विचारतात.

पुराव्याचं आधी घेतो, कारण घोळ तिथंच जास्त. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे. समोरचे वकील करारनाम्याची झेरॉक्स पुढे करतात, साक्षीदार सही ओळखतो, न्यायाधीश कागदावर निशाणी 23 (म्हणजे पुराव्यातला क्रमांक) घालतात आणि तुमचे वकील गप्प बसतात. काही वर्षांनी अपिलात तेच वकील विचारतात, ‘मूळ दस्त कुठाय?’ तोवर उशीर झालेला असतो. आर. व्ही. ई. वेंकटाचल गौंडर प्रकरणात 2003 साली सर्वोच्च न्यायालयानं याची नीट फोड केली. कागद कोणत्या पद्धतीनं सिद्ध केला, यावर हरकत असेल तर ती कागद पुढे येतो तेव्हाच घ्यायची. कारण तेव्हाच घेतली असती तर समोरच्याला मूळ दस्त आणून उणीव भरून काढता आली असती. उलट कागद मुळातच पुराव्यात चालणारा नसेल, म्हणजे नोंदणी सक्तीची असूनही न नोंदवलेल्या खरेदीखतावर कुणी मालकी सांगत असेल, तर निशाणी पडल्यानंतरही अपिलात तो मुद्दा काढता येतो. (निशाणी पडली म्हणजे कागदातला मजकूरही खरा ठरला, हा गैरसमज तर वकिलांमध्येसुद्धा आढळतो.)

मोबाइलच्या कॉल रेकॉर्डचंही तसंच. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतंच, हे जालन्याच्या निवडणूक वादात 2020 साली पक्कं झालं. पण खटल्यात कुणीच हरकत घेतली नाही आणि प्रमाणपत्र नसल्याचं अपिलात पहिल्यांदा आठवलं, तर ते ऐकून घेतलं जात नाही, असं 2017 च्या सोनू विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात म्हटलेलं आहे. मुद्रांक शुल्काचा नियम तर आणखी कडक. मुद्रांक कमी असलेला दस्त न्यायालयानं विचारपूर्वक पुराव्यात घेतला, की त्याच दाव्यात पुढे त्या कारणावरून तो मुद्दा पुन्हा उघडता येत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचं कलम 35 तेच सांगतं.

समजा हरकत वेळेवर घेतली होती, ती चुकीनं फेटाळली गेली आणि अपिलात ती चूक मान्यही झाली. तरी निकाल फिरेलच असं नाही. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 169 मध्ये (जुन्या 1872 च्या कायद्यातलं कलम 167) अपिलीय न्यायालयाला एक हिशेब करायला सांगितलाय. वादातला पुरावा बाजूला काढा. उरलेल्या पुराव्यावर निकाल टिकतो का? टिकत असेल तर निकाल कायम. नाकारलेल्या पुराव्यालाही तीच कसोटी, तो घेतला असता तरी निकाल बदलला असता का? म्हणून ‘चूक झाली’ एवढं सांगणारं अपील मला नेहमी अर्धवट वाटतं. त्या चुकीनं पारडं कसं झुकलं, हे सांगण्यात खरं काम असतं. पुराव्याच्या आदेशावर वेगळं अपीलही बहुधा नसतं. दिवाणी दाव्यात तो मुद्दा अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात घ्यायचा, फौजदारीत अंतरिम आदेशावर पुनरीक्षण (वरच्या कोर्टाकडून फेरतपासणी) चालत नाही.

सनदेच्या प्रकरणात वाटच निराळी. तक्रार राज्य बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) तीन जणांच्या शिस्तपालन समितीपुढे जाते. तिथून 60 दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे अपील, आणि तिथून पुढच्या 60 दिवसांत ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 च्या कलम 38 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात. अपिलाच्या या साखळीत उच्च न्यायालय येतच नाही, हे ऐकून पक्षकार चकित होतात.

इथं कागद ग्राह्य होता की नव्हता एवढ्यावर गोष्ट संपत नाही. वकिलानं केलं ते गैरवर्तन होतं का, ते पुरेसं सिद्ध झालं का आणि शिक्षा त्याला साजेशी आहे का, हे सगळंच वर तपासलं जातं. आरोप जवळजवळ फौजदारी स्वरूपाचा मानतात. त्यामुळे पुरावा भक्कम लागतो आणि संशयाचा फायदा वकिलाला मिळतो. निर्णयातली साधी चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे. खालच्या दोन्ही समित्यांचं एकमत असेल, तर सर्वोच्च न्यायालय सहसा हात घालत नाही. निष्कर्षाला पुरावाच नसेल किंवा तो नुसत्या तर्कावर उभा असेल, तर घालतं.

शिक्षेच्या बाबतीत मात्र हात बराच मोकळा असतो. तमिळनाडूतल्या एका वकिलाचं निलंबन राज्य समितीनं सहा वर्षांचं केलं होतं, भारतीय बार कौन्सिलनं ते एका वर्षावर आणलं. 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला मोफत कायदेविषयक मदतीचं काम करायला लावून शिक्षेचं रूपच बदललं. शिक्षा वाढवताही येते, फक्त आधी वकिलाचं म्हणणं ऐकावं लागतं.

अपील कुणी करायचं, यावरही एकदा मोठा वाद झाला. मुंबईच्या एस्प्लनेड पोलीस कोर्टाच्या आवारात काही वकील पक्षकारांवर अक्षरशः झडप घालत, असा आरोप होता. राज्य समितीनं दोषी धरलं, भारतीय बार कौन्सिलनं सोडलं. मग राज्य बार कौन्सिलच सर्वोच्च न्यायालयात गेली. स्वतःच्याच समितीच्या प्रकरणात तिला ‘पीडित’, म्हणजे निकालाची झळ बसलेली आणि म्हणून अपील करू शकणारी, म्हणता येईल का? 1975 साली सात न्यायमूर्तींनी होकार दिला, आणि नंतर गुणदोषांवर भारतीय बार कौन्सिलचा निकालही टिकला नाही.

राहता राहिला न्यायालयाचा अवमान. कोर्टात आरडाओरडा करणाऱ्या वकिलाला अवमानाची शिक्षा देतानाच त्याची सनदही निलंबित करता येते, असं 1995 साली धरलं गेलं होतं. 1998 साली घटनापीठानं ते उलटवलं. सनदेचा पहिला निर्णय बार कौन्सिलचा. सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार त्यावरच्या अपिलात सुरू होतो.