उसन्या उपचारांचा इतिहास : स्त्रियांच्या मूत्रमार्गाचा कर्करोग आणि किरणोपचार

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा. तिथला कर्करोग इतका क्वचित दिसतो की एकूण कर्करोगांत त्याचा वाटा 1 टक्काही भरत नाही. म्हणून या आजाराचा स्वतःचा असा उपचार कधी घडलाच नाही; बहुतेक सगळं शेजारच्या अवयवांकडून उसनं आलं.

पहिली उसनवारी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडून. क्युरी दांपत्याने 1898 मध्ये रेडियम हा किरणोत्सारी धातू शोधला आणि काही वर्षांतच तो गर्भाशयमुखाच्या रोग्यांवर वापरला जाऊ लागला. तीच पद्धत इथे आली. प्लॅटिनमच्या सुईत रेडियमचा क्षार बंद करायचा, अशा सुया मूत्रमार्गाभोवती गोलाकार टोचायच्या, लघवीला नळी घालायची आणि बाईने काही दिवस तसंच पडून राहायचं. सुया किती, किती अंतरावर, किती तास, याचे तक्ते मँचेस्टरच्या पॅटरसन (डॉक्टर) आणि पार्कर (भौतिकशास्त्रज्ञ) या जोडीने 1930च्या दशकात बसवले. तक्ते चोख, पण सुया हातानेच लावायच्या. डॉक्टर-नर्सच्या बोटांनाही किरणांचा प्रसाद मिळे. त्यातून रेडियमचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) 1600 वर्षं, म्हणजे सुई हरवली तर नातवंडांनाही ताप!

1950च्या दशकात किरणोपचारतज्ज्ञ हेन्श्के यांनी तोडगा काढला: आधी रिकाम्या नळ्या बसवायच्या, किरणोत्सारी द्रव्य नंतर सोडायचं. रेडियमच्या जागी इरिडियम-192 आलं. त्याचं अर्धायुष्य 74 दिवस. आता तांदळाएवढा स्रोत यंत्रच तारेने आत सरकवतं आणि काही मिनिटांत परत घेतं.

मात्र सुईचा पल्ला तोकडा. मूत्रमार्गाच्या खालच्या भागातला रोग जांघेतल्या लसिका गाठींत उतरतो, वरच्या भागातला ओटीपोटातल्या. तिथवर पोचायला बाहेरून किरण हवेत. 1951 मध्ये कॅनडात कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूची यंत्रं सुरू झाली आणि ते जमू लागलं.

दुसरी उसनवारी गुदद्वाराच्या कर्करोगाची. 1974 मध्ये डेट्रॉइटचे शल्यचिकित्सक नायग्रो यांनी तीन रोग्यांची हकिगत छापली. शस्त्रक्रियेआधी केमो आणि किरण दिले होते. दोघांच्या काढलेल्या भागात गाठ सापडलीच नाही, तिसऱ्याने शस्त्रक्रियाच नाकारली. मूत्रमार्गातही पुष्कळदा त्याच जातीच्या पेशींचा रोग असतो, म्हणून तीच जोडी इथे आली. नाहीतर रोग पसरलेला असला की मूत्राशयासकट सगळं काढायचं आणि पोटावर जन्मभराची पिशवी.

रोगी कमी, त्यामुळे मोठ्या तुलनात्मक चाचण्या नाहीत; निर्णय घ्यायचे ते एकेका रुग्णालयात वर्षानुवर्षं जमलेल्या मोजक्या नोंदींवरून. मूत्रमार्ग आवळणं, योनीत छिद्र पडून लघवी झिरपणं हे रेडियमच्या काळातले धोके कमी झाले, पण गेलेले नाहीत.