आयरिश भाषा आणि शालेय नाट्य-संगीत : शासकीय अनुदान

आयर्लंडच्या १९३७च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या अधिकृत भाषेचा मान दिला. बाजारात आणि कचेरीत मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीच चालते. २०२२च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले. शिक्षणाव्यतिरिक्त ती रोज बोलणारे ७१,९६८ भरले. या दोन आकड्यांमधली दरी हीच तिथल्या भाषाधोरणाची खरी डोकेदुखी. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य झाल्यावर शाळांत आयरिश सक्तीची झाली, पण वर्गात शिकलेली भाषा वर्गातच राहते हे लवकरच कळून चुकले. म्हणून सरकारी पैशाचा एक छोटा पण मोलाचा प्रवाह नाटक, गाणे आणि घराघरांकडे वळला.

गॉलवे शहरात १९२८ मध्ये सरकारी मदतीने आयरिश भाषेचे नाट्यगृह उभे राहिले. १९३३ पासून गेल्तख्त, म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यातील ज्या घरांत मुले सहज आयरिश बोलत, त्या घरांना प्रत्येक मुलामागे वर्षाला दोन पौंड मिळू लागले. गरीब किनारी गावांत ही रक्कम लहान नव्हती. आजही उन्हाळ्यात शहरांतली हजारो मुले या पट्ट्यात तीन आठवडे राहायला जातात आणि त्यांना ठेवून घेणाऱ्या कुटुंबांना सरकार दर मुलामागे भत्ता देते. दिवसा वर्ग, संध्याकाळी समूहनृत्य आणि गाणी. या साऱ्या योजनांत हीच सर्वांत शहाणी वाटते, कारण पैसा थेट भाषा बोलणाऱ्या घरच्या बाईच्या हाती पडतो.

शालेय नाट्यमहोत्सवात प्राथमिक व माध्यमिक शाळा आयरिश नाटुकली बसवतात आणि स्थानिक फेरीपासून राष्ट्रीय फेरीपर्यंत पोहोचतात. त्याला फोरस न गेलगे या आयरिश भाषेच्या प्रसारासाठीच्या संस्थेचे अनुदान मिळत आले आहे. उत्तर आयर्लंडमधील संघर्ष मिटवणाऱ्या १९९८च्या शांतता करारातून १९९९ मध्ये जन्मलेली ही संस्था सीमेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे आयर्लंडमध्ये आणि ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये काम करते. तिचा तीन चतुर्थांश खर्च डब्लिनचे (आयर्लंडचे) सरकार व एक चतुर्थांश बेलफास्टचे (उत्तर आयर्लंडचे) सरकार उचलते. संगीताची वाट थोडी वेगळी. २०१० मध्ये सुरू झालेल्या म्युझिक जनरेशन या राष्ट्रीय कार्यक्रमाला आधी यू-टू या बँडच्या आणि आयर्लंड फंड्सच्या देणगीचा हात लागला, मग शिक्षण खात्याने तो पुढे चालवला. निम्मा निधी त्या-त्या भागाने उभा करायचा, ही अट आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये हाच पैसा राजकारणाच्या कचाट्यात सापडला. बेलफास्टमध्ये पालकांनी १९७१ मध्ये स्वबळावर आयरिश माध्यमाची शाळा काढली. सुरुवातीला जेमतेम नऊ मुले, आणि सरकारी अनुदान यायला १९८४ उजाडले. तोवर पालकांनी वर्गणी गोळा करून शिक्षकांचे पगार भागवले.

२०१६च्या नाताळाच्या तोंडावर, २३ डिसेंबरला, समाजकल्याणमंत्री पॉल गिव्हन यांनी ‘लीफा’ ही शिष्यवृत्ती बंद केली. रक्कम होती ५० हजार पौंड. डोनेगलच्या गेल्तख्तमध्ये उन्हाळी शिक्षणाला जाऊ इच्छिणाऱ्या, पण ऐपत नसलेल्या सुमारे शंभर जणांची ती सोय होती. संताप इतका उसळला की काही आठवड्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. पण तोवर उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला होता. मुख्य कारण ऊर्जा अनुदानातील घोटाळा होते, तरी आयरिश भाषेचा झालेला अवमानही त्यात बोलून दाखवला होता. सरकार कोसळले आणि जानेवारी २०२० पर्यंत उभे राहिले नाही. आयरिशला तिथे कायद्याने अधिकृत मान्यता मिळाली ती २०२२ मध्ये, आणि तो कायदाही बेलफास्टच्या नव्हे, लंडनच्या संसदेने केला.