पॉयझन, व्हेनम आणि आपलं एकच विष

अळंबी विषारी, नाग विषारी, विंचू विषारी, पफर मासाही विषारी. मराठीत एका शब्दावर काम भागतं. इंग्रजीत मात्र नागाला 'पॉयझनस' म्हटलं की प्राणिशास्त्राचे अभ्यासक हटकतात : नाग 'व्हेनमस' असतो. रोजच्या बोलण्यात इंग्रजी भाषक हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तरीही अभ्यासकांचा हा हट्ट शब्दच्छल नाही. त्यामागे शरीराचं खरंखुरं विज्ञान आहे.

विष शरीरात कोणत्या वाटेने शिरतं, यावर फरक ठरतो. खाण्यापिण्यातून, श्वासातून किंवा कातडीतून मुरून गेलं तर ते पॉयझन. एखाद्या प्राण्याने दात, नांगी किंवा काटा खुपसून जखमेतून आत सोडलं तर ते व्हेनम.

'विषाची परीक्षा कोण घेणार?' असं आपण म्हणतो. ती परीक्षा सतराव्या शतकात इटलीत खरोखरच झाली. तस्कनीच्या मेदिची दरबारात औषधासाठी व्हायपर आणले होते. हे आपल्या घोणस-फुरशांच्या कुळातले साप. त्यांचं विष नेमकं कुठे असतं आणि ते पोटात गेलं तर माणूस मरतो का, यावर विद्वानांचा वाद रंगला होता. तेव्हा याकोपो सोत्सी नावाच्या साप पकडणाऱ्याने सापाच्या जबड्यातलं विष अर्धा पेला वाइनमध्ये पिळलं आणि सर्वांदेखत पिऊन टाकलं. त्याला काहीही झालं नाही. फ्रान्चेस्को रेदी या दरबारी वैद्याने मग तेच विष प्राण्यांच्या जखमांमध्ये घालून पाहिलं, तर ते प्राणी मेले. 1664 साली त्याने ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. ग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा डोळ्यांनी काय दिसतं, यावर भिस्त ठेवणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

सोत्सी वाचला, कारण सापाच्या विषातले मुख्य घटक प्रथिनं आणि त्यांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड असतात. पोटात गेलेली डाळ पचते तशी तीही पचून जातात. इन्सुलिनची साधी गोळी न देता ते टोचावं लागतं, तेही याच कारणाने. (म्हणून कुणी सोत्सीचं अनुकरण करू नये. तोंडात साधा छाला किंवा जठरात व्रण असला तरी विषाला रक्ताची वाट मिळते.) पोटातून भिनणाऱ्या विषांचे रेणू बहुधा लहान असतात. पचनरसांना ते दाद देत नाहीत आणि आतड्यातून सरळ रक्तात उतरतात.

ही भिंत माणसाने एकदा मोठ्या युक्तीने ओलांडली. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषातलं एक पेप्टाइड रक्तदाब उतरवत होतं, पण फक्त टोचल्यावर. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या धर्तीवर एक लहान रेणू घडवला, आणि 1981 मध्ये कॅप्टोप्रिल ही रक्तदाबाची गोळी आली.

उपचारही या फरकानेच वेगळे होतात. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाची बाधा झाली तर अॅट्रोपिन देतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते श्वासातून आणि कातडीतून गेलेलं विष होतं. सर्पदंशावर मात्र प्रतिसर्पविषच लागतं. घोड्यांना विषाच्या लहान मात्रा टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं त्यासाठी वापरतात. परळच्या हाफकिनचं नाव महाराष्ट्रात या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. आपल्याकडचं हे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालतं. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. मांत्रिकाकडे घालवलेला प्रत्येक तास या आकड्यात भर घालतो, आणि याची मला मनापासून चीड येते.

शब्दांच्या कुळातही गंमत आहे. पॉयझनच्या मुळाशी लॅटिनमधला 'पेय' या अर्थाचा शब्द आहे. आपलं 'पिणं' आणि 'पान' त्याचेच दूरचे भाऊबंद. व्हेनमचं नातं भाषातज्ज्ञ व्हीनस या प्रेमदेवतेशी लावतात, म्हणजे मूळचा तो वशीकरणाचा काढा! आणि आपल्या 'विष' शब्दाचा सख्खा नातलग कोण, तर लॅटिनमधला 'व्हायरस'.

सुश्रुतसंहितेने विषाची वाटणी निराळ्याच जागी केली : वनस्पती आणि खनिजांचं ते स्थावर, प्राण्यांचं ते जंगम. म्हणजे आपल्याकडे विष कुठून आलं हे विचारलं गेलं, इंग्रजीत ते कसं शिरलं हे. मराठीत आज 'विषबाधा' आणि 'दंश' हे शब्द आहेत, पण पदार्थासाठी वेगळं नाव नाही. व्हेनमला निदान विज्ञानलेखनात तरी 'दंशविष' म्हणावं, असं मला वाटतं.

निसर्ग मात्र या चौकटीत नीट बसत नाही. पफर मासा खाल्ल्याने ज्या टेट्रोडोटॉक्सिनने माणूस मरतो, तेच निळ्या वलयांचा ऑक्टोपस चाव्यातून सोडतो. रेणू एकच, पण माशात तो पॉयझन आणि ऑक्टोपसात व्हेनम. जपानमधला यामाकागाशी नावाचा साप तर दोन्ही बाळगतो. त्याच्या मागच्या दातांशी दंशविष असतं, आणि विषारी भेक खाऊन त्यांचं विष तो मानेवरच्या ग्रंथींमध्ये साठवतो. किंकासान या बेटावर असे भेक नाहीत. तिथल्या यामाकागाशींच्या मानेत हे विष सापडत नाही.