एका मापाची दोन काडतुसं

मुंबईत काही जुन्या घरांच्या परवान्यावर पणजोबांची शिकारी रायफल अजून नोंदलेली असते. १८८३ मध्ये इथे स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांतही शिकारी बरेच होते. तेव्हाच्या रायफलींची काडतुसं आता सहज मिळत नाहीत, आणि मग कुणीतरी विचारतं, घरीच भरून घेतली तर?

एकोणिसाव्या शतकातल्या ‘एक्सप्रेस’, म्हणजे वेगवान गोळीच्या, रायफली काळ्या दारूवर चालत. सोरा, गंधक आणि कोळशाची ही दारू धूर फार करी, नळीत काजळी धरी, पण दाब बेताचा ठेवी. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट ही जवळपास धूर न करणारी, जोरदार दारू आली. १८९८ मध्ये बंदुका बनवणाऱ्या रिग्बी कंपनीने .४५० बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं, इंचात) सव्वातीन इंच लांबीचं जुनं काडतूस मजबूत करून त्यात कॉर्डाइट भरलं आणि .४५० नायट्रो एक्सप्रेस तयार झालं. खरी गोम इथे आहे. माप तेच, म्हणून नवं काडतूस जुन्या रायफलीतही बसे. दाब मात्र तिच्या नळीला पेलणारा नव्हता. अशी नळी फुटली तर पहिला घाव चालवणाऱ्याच्या हातावर आणि चेहऱ्यावर बसतो.

त्यात आपलं हवामान. कॉर्डाइट तापलं की दाब आणखी चढतो, म्हणून काडतुसं बनवणारी किनॉक कंपनी उष्ण प्रदेशांसाठी कमी भाराची ‘ट्रॉपिकल’ काडतुसं वेगळी काढत असे.

१९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. लष्करी मार्टिनी-हेन्री रायफली त्याच बोअरच्या, आणि गोळ्या बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती होती. .४७० आणि .४६५ ही मापं त्या बंदीतून पुढे आली. एका घरात .४५० आणि दुसऱ्या घरात .४७० सापडते, त्यामागे बरेचदा हेच साल असतं.

पुढे किनॉकने मोठ्या बोअरचं उत्पादन बंद केलं, तेव्हा परदेशातले हौशी लोक काडतुसं हाताने भरू लागले. आपल्याकडे ती वाट मोकळी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. शिकारीवर तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहेच.

कपाटात जुना काडतुसांचा डबा सापडला, तर तोही वापरू नये. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या जुन्या टोप्यांमध्ये पारा असे, उडवल्यावर त्याने पितळ ठिसूळ होतं, त्यामुळे तसली रिकामी पुन्हा भरण्याच्याही कामाची नाहीत. आधी नळीवरचे प्रूफचे, म्हणजे दाबाच्या चाचणीचे, ठसे जाणकार, परवानाधारक बंदूक-कारागिराकडून वाचून घ्यावेत. ‘नायट्रो प्रूफ’, म्हणजे कॉर्डाइटसारख्या दारूच्या चाचणीचा ठसा, नसेल, तर ती नळी काळ्या दारूचीच समजावी.