पुदिन्याचा गारवा येतो कुठून?

पेपरमिंटची गोळी चघळून झाल्यावर माठातले पाणी प्यायले, तर ते बर्फ घातल्यासारखे गार लागते. पाणी मघाचेच असते आणि गोळीने तोंडाचे तापमानही उतरवलेले नसते. तरीही जो गारवा जाणवतो तो मनाचा खेळ नव्हे. गार वस्तूला स्पर्श झाल्यावर मज्जातंतूंतून जो संदेश मेंदूकडे जातो, तोच संदेश त्या वेळी खरोखर जात असतो. पुदिना आपल्याला थंड करत नाही, थंडीची वर्दी देणारी यंत्रणा मात्र तो चालू करतो, आणि टूथपेस्टपासून वेदनाशामक मलमापर्यंतचे त्याचे बहुतेक उपयोग या एका गोष्टीवर उभे आहेत.

ही यंत्रणा म्हणजे मज्जातंतूंच्या टोकांवरील एक प्रथिन. त्याचे नाव टीआरपीएम८. ते पेशीच्या आवरणात एखाद्या झडपेसारखे बसलेले असते. तापमान साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की झडप उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि ‘गार’ असा संदेश निघतो. पुदिन्याच्या काही जातींत असलेले मेन्थॉल हे रसायन याच प्रथिनाला जाऊन चिकटते आणि झडप उघडण्याची तापमानाची मर्यादा वर सरकवते, त्यामुळे ती एरवीच्या उबदार तापमानातही उघडू लागते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोन शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये स्वतंत्रपणे हे प्रथिन शोधले, ते मेन्थॉलच्याच मदतीने. पुढे २००७ मध्ये, हे प्रथिन नसलेले उंदीर गार आणि कोमट पृष्ठभागांतला फरक नीट ओळखू शकत नाहीत, असेही दिसून आले. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहींवरील, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनांवरील, कामासाठी या दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्युलियस यांनी त्याआधी १९९७ मध्ये मिरचीचा तिखटपणा ओळखणारे प्रथिन शोधले होते, आणि ते ४३ अंशांच्या वरची उष्णताही ओळखते. मिरचीने तोंड ‘भाजते’ आणि पेपरमिंटने ‘गार पडते’, हे आपले बोलणे शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमके आहे.

मग हिरवी मिरची घातलेली पुदिन्याची चटणी एकाच वेळी भाजते आणि गारही करते काय? येथे जरा थांबायला हवे, कारण बाजारात जुडीने मिळणाऱ्या आपल्या स्वयंपाकाच्या पुदिन्यात मेन्थॉल फारसे नसतेच. त्याच्या ओळखीच्या वासामागे कार्व्होन नावाचे वेगळे रसायन असते, आणि गारवा निर्माण करण्याची त्याची शक्ती मेन्थॉलच्या तुलनेने फार कमी आहे. पाणीपुरीच्या पाण्यातला आणि गवती चहाच्या जोडीने चहात पडणारा पुदिना हा सहसा कार्व्होनचा, तर पानातल्या पिपरमिंटचा आणि खोकल्याच्या गोळ्यांचा पुदिना मेन्थॉलचा. दोन्ही वनस्पती तुळशीच्या कुळातल्या, दोन्हींचे खोड चौकोनी, पाने समोरासमोर; नाव एक असल्यामुळे आपण त्यांना एकच समजतो इतकेच.

कार्व्होनची गोष्ट मला या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. उजवा हात आणि डावा हात घडणीने सारखे असूनही एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, तशी कार्व्होनच्या रेणूचीही दोन रूपे आहेत. अणू तेच, त्यांची संख्या तीच, जोडणीही तीच. एक रूप म्हणजे दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब. त्यातले एक पुदिन्यात असते. दुसरे असते बाळंतशेपामध्ये, आणि त्याला वासही बाळंतशेपासारखाच येतो. आपल्या नाकातील ग्राही स्वतःच अशा डाव्या-उजव्या घडणीचे असल्यामुळे, ज्याप्रमाणे उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही, त्याप्रमाणे दोन्ही रूपे त्यांत वेगवेगळ्या रीतीने बसतात, आणि मेंदूला दोन निराळे वास कळतात. स्वयंपाकघरातले दोन डबे उघडून हा फरक कोणालाही हुंगता येईल. मेन्थॉलची तर अशी ८ रूपे संभवतात, आणि तो प्रसिद्ध गारवा मुख्यतः त्यांतल्या एकाच रूपाचा असतो.

मेन्थॉल ज्यातून काढतात त्या पुदिन्याचे भारतातले माहेर म्हणजे उत्तर प्रदेशातील बाराबंकी आणि आसपासचे जिल्हे. रब्बीचे पीक निघाल्यावर आणि पावसाळी भाताची लावणी होण्यापूर्वी जे महिने हाती राहतात, त्यांत तिथले शेतकरी हे पीक घेतात आणि शेताजवळच्या भट्टीत वाफेने तेल काढतात. हे तेल थंड केले की मेन्थॉलचे सुईसारखे स्फटिक आपोआप वेगळे होतात. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने विकसित केलेल्या ‘कोसी’सारख्या वाणांमुळे हे पीक पसरले आणि नैसर्गिक मेन्थॉलच्या उत्पादनात भारत जगात पहिला झाला. आपण दात घासताना या शेतकऱ्यांची आठवण क्वचितच काढतो, आणि कारखान्यात तयार होणाऱ्या कृत्रिम मेन्थॉलशी त्यांना स्पर्धा करावी लागते हेही आपल्याला ठाऊक नसते.

औषध म्हणून मेन्थॉलकडे पाहताना मात्र संवेदना आणि परिणाम यांत फरक करायला हवा. सर्दीत मेन्थॉलचा वाफारा घेतला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. परंतु नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा प्रत्यक्ष मोजला असता तो कमी झालेला आढळत नाही. नाकातील गारव्याच्या जाणिवेमुळे हवा भरपूर येत असल्याची भावना होते. हा आरामही आरामच आहे, पण सूज उतरल्याचा तो पुरावा नव्हे. याउलट पेपरमिंटचे तेल आतड्याच्या स्नायूंना खरोखर सैल करते, कारण स्नायू आवळण्यासाठी लागणाऱ्या कॅल्शियमचा पेशींतील प्रवेश ते रोखते. म्हणूनच आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून ते पोटात कळा येणाऱ्या काही रुग्णांना देतात. हाच गुण अन्ननलिकेच्या खालच्या झडपेलाही सैल करतो, आणि त्यामुळे आम्लपित्ताने छातीत जळजळ होणाऱ्याला पेपरमिंटने त्रास वाढू शकतो. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेन्थॉलचे किंवा कापराचे मलम कधीही लावू नये. त्याचा श्वास अडखळू शकतो. मेन्थॉल घशाची चुरचूरही दडपते, आणि या गुणाचा सर्वांत वाईट वापर सिगारेटमध्ये झाला, कारण मेन्थॉलमुळे धूर सौम्य वाटतो आणि नवख्याला तो ओढणे सोपे जाते. युरोपीय संघाने मे २०२० पासून अशा सिगारेटींवर बंदी घातली, हे उत्तम झाले.

पुष्कळ घरांत जपून ठेवलेली अमृतधारेची बाटली हाही एक रसायनशास्त्राचा प्रयोगच आहे. पुदिन्याचे फूल (म्हणजे मेन्थॉलचे स्फटिक), ओव्याचे फूल (म्हणजे थायमॉलचे स्फटिक) आणि कापूर हे तिन्ही पदार्थ घन असतात, पण बाटलीत एकत्र केले की कोणतीही उष्णता न देता त्यांचे पाणी होते. एका पदार्थाचे रेणू दुसऱ्याच्या नीटस रचनेत अडथळा आणतात, त्यामुळे मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरतो.

घरच्या कुंडीतल्या पुदिन्याचे पान भिंगाखाली पाहिले, तर त्यावर चमकणारे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. प्रत्येक ग्रंथीत तेल बनवणाऱ्या साधारण ८ पेशींची चकती असते आणि तिच्यावरच्या पातळ आवरणाखाली तेल साठते. पान चुरगळले की आवरण फाटून वास सुटतो. चहात पुदिना घालून तो बराच वेळ उकळत ठेवला, तर हे तेल वाफेबरोबर निघून जाते, म्हणजे बाराबंकीच्या भट्टीत जे घडते तेच आपल्या पातेल्यात घडते. फरक एवढाच की तिथे वाफ थंड करून तेल पकडतात आणि इथे त्याने नुसते स्वयंपाकघर दरवळते. म्हणून चहा खाली उतरवल्यावर हाताने चुरगळलेली पाने त्यात टाकावीत आणि दोन-तीन मिनिटे झाकण ठेवावे.